वाघ कुठी दिसला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, त्यांच्यासाठी. बोलण्यातली 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितकी काढलीत. सगळी निघाली नाहीत.)

पंखा बंद करून रेकॉर्ड करतेय, तेव्हा मध्येच घाम पुसायला थांबले तर समजून घ्या. मागच्या वेळी पंख्याच्या आवाजावरून तुम्ही बरंच ऐकवलं होतं मला.

आज ताडोबा.

मी चंद्रपूरची आहे असं पुण्यात कुणालाही सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, तिकडे खरंच सत्तेचाळीस डिग्री जातं का? जातं. दुसरा, मग तू ताडोबा कितीतरी वेळा केला असशील ना? आणि इथे मी गप्प. कारण उत्तर होतं शून्य. आमच्या टीममधला एक मुलगा मूळचा कोल्हापूरचा, तो तीनदा जाऊन आलेला. त्याला वाघिणींची नावं पाठ, त्यांच्या पिल्लांची नावं पाठ, कुठल्या वाघाने कुणाला हाकललं तेही पाठ. सीरियल बघितल्यासारखं सांगायचा. आणि मी, चंद्रपूरची, माना डोलवत ऐकायचे.

का नाही गेलो कधी? एक तर जिप्सीचे पैसे. चौघांच्या घराला ते परवडत नव्हतं असं नाही, पण बाबांना ते पटत नव्हतं. बाबा थर्मलला होते, आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहायचो. तुमच्यापैकी कुणी तिकडचं असेल तर माहीत असेल, त्या भागात संध्याकाळी वाघ-बिबट्याची बातमी ही पाणी कधी येणार या बातमीसारखीच असते. बाबा म्हणायचे, जो फुकट येतो त्याला बघायला पैसे कशाला द्यायचे?

पण जंगल पाहिलंच नव्हतं असंही नाही. माझी मावशी ताडोबाच्या बफरमधल्या एका गावात राहते. गावाचं नाव सांगत नाही, तिथे रिसॉर्टवाले आधीच पुष्कळ झालेत. लहानपणी वार्षिक परीक्षा संपली की मी तिच्याकडे जायचे आणि पहाटे तिच्याबरोबर मोह वेचायला. मोहाचं कसं असतं, तो रात्री फुलतो आणि पहाटे टपटप गळतो. फिकट पिवळी, गुबगुबीत, रसाने भरलेली फुलं. उन्हं वर आली की उशीर झाला, तोवर गुरं, चितळं, माकडं खाऊन जातात. म्हणून अंधारातच निघायचं. मी टॉर्च धरायचे आणि थोड्या वेळाने कंटाळून फुलंच खात बसायचे. तो वास केसांत राहायचा दोन-दोन दिवस. आई म्हणायची, पोरगी दारू पिऊन आल्यासारखी वास मारतेय.

तर हे माझं जंगल. आणि यंदा एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा दुसऱ्या दाराने त्याच जंगलात गेले.

थोडी माहिती, कारण मेसेजमध्ये हेच प्रश्न येतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६चं, अंधारी नदीवरून त्याचं नाव. पुढे १९९५मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आतला कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याच्याभोवती अकराशेच्या आसपास चौरस किलोमीटरचा बफर. आता आपण कॉम्प्युटरवाले लोक बफर म्हणजे तात्पुरती ठेवायची जागा समजतो. इथल्या बफरमध्ये माणसं राहतात. शेतं आहेत, शाळा आहेत, माझी मावशी आहे.

कोअरला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी असे गेट आहेत. बुकिंग ऑनलाइन, नाव आणि ओळखपत्र आधी द्यावं लागतं. मंगळवारी बंद. पावसाळ्यात कोअर बंद. उन्हाळ्यात का जातात लोक? कारण पाणी कमी होतं, झाडं उघडी होतात आणि वाघ पाणवठ्यावर येतो. तुम्ही भाजता, पण दिसायची शक्यता वाढते. आम्ही सहा जण होतो, कोल्हापूरकर अर्थातच पुढे. चंद्रपूरला माझ्या घरी मुक्काम केला, आईने सगळ्यांना वडाभात खाऊ घातला आणि पहाटे चारला आम्ही मोहर्लीला निघालो.

गेटवर फोन जमा. कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. कारण साधं आहे. एका जिप्सीला वाघ दिसला की फोनवरून दहा जिप्स्यांना कळायचं आणि सगळ्या तिथे धावायच्या. मला नियम पटला, पण पहिला अर्धा तास फार विचित्र गेला. आमच्यातली एक जण दर दोन मिनिटांनी मांडी चाचपत होती. मी हसले तिला, आणि मग लक्षात आलं की माझाही हात खिशावरच आहे.

आमची गाईड एक ताई होती, जवळच्याच गावची, साधारण माझ्याच वयाची. बसल्या बसल्या म्हणाली, "वाघ दाखवणं माझ्या हातात नाही. जंगल दाखवते." कोल्हापूरकराने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की झालं, आज काही खरं नाही.

पण तिने खरंच दाखवलं. सागाच्या मध्ये एकटं उभं असलेलं पांढरंफटक कुलूचं झाड. ऐनाची साल, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर उभे असलेले उंच दगडी खांब. ते गोंड राजांच्या काळातले असं सांगतात, त्यातून दोर ओवलेला असायचा आणि राजाची स्वारी निघाली की दोर ओढून पुढे निरोप जायचा. जंगलातून चंद्रपूरपर्यंत. मी तिथेच म्हटलं, हे तर आमचं नेटवर्क. ताई म्हणाली, "आत्ताच्या नेटवर्कपेक्षा बरं असेल, इथे टॉवर धरत नाही."

ताडोबा तलावावर मगरी ऊन खात पडल्या होत्या. काठाला तारूचं ठाणं आहे. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि मग देव झाला, अशी गोष्ट. त्याच्यावरूनच ताडोबा. आदिवासी लोक पौषात तिथे पूजेला यायचे. गंमत बघा, ज्या जंगलात आपण वाघ बघायला जातो त्याचं नाव वाघाने मारलेल्या माणसावरून आहे. हे मला इतकी वर्षं चंद्रपूरला राहून माहीत नव्हतं.

आता कॉल. कॉल म्हणजे इशाऱ्याचा आवाज. वाघ किंवा बिबट्या दिसला की बाकीची जनावरं ओरडतात. ताईने आम्हाला प्रतवारी सांगितली. चितळ ओरडलं तर ऐकायचं, पण फार धरायचं नाही, ते जरा काही हललं तरी ओरडतं. वानर झाडावर बसलेलं, त्याला लांबचं दिसतं, त्याचा खोकल्यासारखा कॉल आला आणि चालूच राहिला तर गाडी बंद करायची. आणि सांबर ओरडलं तर श्वासही हळू घ्यायचा. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मी ऑफिसात सर्व्हरचे अलर्ट बघते, माझं कामच ते. आमच्याकडेही तीन पातळ्या असतात आणि पहिल्या पातळीचे अलर्ट आम्ही सगळे बिनधास्त म्यूट करतो. म्हटलं, म्हणजे चितळ म्यूट.

हे चितळ लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पांढरपौनीच्या बाजूला आम्ही एका पाण्याजवळ थांबलो. पन्नास मिनिटं काही नाही. मोर, दोन रानडुकरं, लांबवर गवे. ऊन चढायला लागलं. मग वानर बोललं. मग थांबलं. मग सांबर, एकदाच, जाड पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखं. आणि बांबूतून ती आली.

वर्णन करणार नाही फार. तुम्ही शंभर व्हिडिओ पाहिलेत. दोनच गोष्टी सांगते, ज्या व्हिडिओत कळत नाहीत. एक, ती आमच्याकडे बघत नाही. बघायचं टाळतेय असंही नाही, आम्ही तिच्या हिशेबातच नाही. दुसरी, ती पाण्यात उलटी उतरली. पाठमोरी, आधी मागचे पाय, मग हळूहळू बसली. वाघ असेच बसतात, तोंडावर पाणी उडू नये म्हणून, असं ताई म्हणाली. आमची आजी नदीवर बसायची तशी.

तोवर जिप्स्या जमल्या. फोन नसतानाही. मी मोजल्या, चौदा. शेजारच्या गाडीतले एक काका ड्रायव्हरला सारखे "पुढे घे, पुढे घे" करत होते. आमच्यातली एक जण रडत होती आनंदाने. आणि मी, खोटं नाही सांगत, मलाही भरून आलं. पण त्याच वेळी डोक्यात एक वेगळंच चाललं होतं. ही बसली आहे तिथून मावशीचं मोहाचं झाड किती लांब असेल?

दुपारी बाकीचे रिसॉर्टवर झोपले आणि मी मावशीकडे गेले.

मावशी अंगणात मोह वाळत घालत होती. मी चप्पल काढायच्या आधीच ओरडले, "मावशी, वाघ पाहिला!"

तिने वर पाहिलं आणि विचारलं, "कुठी?"

(मावशीची बोली आमच्याकडची आहे, तशीच ठेवतेय.)

मी म्हटलं, आत, कोअरमध्ये, पांढरपौनीला. वाघीण होती. "हां, थो लंबा आहे," म्हणाली आणि परत फुलं पसरवायला लागली. केवढी होती, काय करत होती, भीती वाटली का, काही नाही. पुण्यात मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाने फोटो मागितला. मावशीने फक्त जागा विचारली. आणि जागा लांबची आहे म्हटल्यावर तिच्यासाठी बातमी संपली.

आता मी तुम्हाला थोडे आकडे देते. २००६च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०१८ला ३१२. २०२२ला ४४४. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान आहे, उगाच वाकडं बोलत नाही. पण वाघ वाढला म्हणजे काय होतं? वाघाचं पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि स्वतःचा इलाका शोधायला निघतं. कोअर भरलेला. मग ते बफरमध्ये येतं, मग बफरच्याही बाहेर, ब्रह्मपुरीकडे, सिंदेवाहीकडे, नाल्यानाल्याने. सरकार काही वाघिणी दुसरीकडे नेतंही. २०२४मध्ये ताडोब्यातून दोघींना ओडिशात सिमिलिपालला नेलं, जमुना आणि झीनत. त्यातली झीनत तिथून निघून झारखंड ओलांडून बंगालमध्ये पोचली. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही तिला पकडायला डिसेंबर संपत आला. तेव्हा वाघ कुठे आहे हे माहीत असणं आणि वाघाचं काही करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे आकडे येतात कुठून? माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे सगळ्यात भारी आहे. वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, प्रत्येकाचे वेगळे. डाव्या बाजूचे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढतात, आणि मग सॉफ्टवेअर पट्टे जुळवतं. २०१८च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. हजार फोटोंत साधारण दोन. पुढच्या वेळी सफारीत वाघ दिसला नाही म्हणून गाईडशी भांडाल तेव्हा हे आठवा.

पण ते कॅमेरे कुणीतरी चालत जाऊन लावतं. खुणा, विष्ठा, पंजे कुणीतरी चालत जाऊन नोंदवतं. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोब्याच्या कोअरमध्येच एक महिला वनरक्षक अशीच पायी नोंदी करत होती, बरोबर मदतीला माणसं होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली, मग वळसा घालून जायला गेले. वाघिणीने तिला मागून धरलं. ती गेली. हे काम गणनेचंच होतं. ४४४ या आकड्याच्या मागे तीही आहे, असं मला आता तो आकडा म्हणताना दरवेळी वाटतं.

मावशीच्या घरात एक गंमत आहे. गंमत नाही म्हणता येणार, पण दुसरा शब्द सापडत नाही. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, बफरच्या एका गेटवर जिप्सी चालवतो. गाडी कर्जाची. वाघ दिसला तर पर्यटक खूश, वर टिप मिळते, पुढच्या वेळी तेच लोक त्याला फोन करतात. म्हणजे मुलाला वाघ दिसावा लागतो आणि आईला दिसू नये लागतो. एकाच चुलीवर दोघांचा चहा.

मग त्याने काय केलंय, रोज संध्याकाळची फेरी संपली की तो आईला सांगतो. आज नाल्याकडे होता. आज रस्ता ओलांडून तलावाकडे गेला. उद्या तिकडे जाऊ नको. मावशी ते शेजारच्या चौघींना सांगते. बस, ही त्या गावातली वाघाची पूर्वसूचना.

मी इंजिनिअर. मला तिथल्या तिथे खाज सुटली. म्हटलं, अरे याचं ॲप करू! सगळे ड्रायव्हर, गाईड लोक नोंद करतील, नकाशावर ठिपका येईल, गावातल्या बायकांना मेसेज जाईल. दोन शनिवार-रविवारांत पहिली आवृत्ती काढते. मी खरंच वहीत चौकोन काढायला सुरुवात केली होती.

भाऊ खाटेवर पडून ऐकत होता. म्हणाला, "ताई, मोहाच्या झाडाखाली नेटवर्क आणणार तू?" ठीक आहे, म्हटलं, रात्रीच मेसेज पाठवू. "आईचा फोन साधा आहे." साधा मेसेज पाठवू. मग तो उठून बसला. "आणि वाघ कुठे बसलाय याचा नकाशा तू फोनवर टाकशील, तो कोण कोण बघेल?" मी गप्प. शिकारी. हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे कुठला डेटा कुणाला दिसावा यावर तासन्‌तास मीटिंगा चालतात आणि इथे माझ्या डोक्यात तो प्रश्न आलाच नाही.

आणखी एक भोक मला माझंच सापडलं. भाऊ सांगतो ती संध्याकाळची जागा. मावशी निघते पहाटे. मध्ये अख्खी रात्र. एका रात्रीत वाघ दहा-पंधरा किलोमीटर सहज चालतो. म्हणजे मावशीला मिळते ती जुनी माहिती. आणि माझ्या ॲपने काय केलं असतं? नकाशा कोरा दाखवला असता आणि मावशीला वाटलं असतं, आज मोकळं आहे. पर्यटकाला वाघ दिसला नाही म्हणजे पैसे गेले. मावशीला दिसला नाही म्हणजे, तो कुठे आहे हे माहीत नाही, एवढंच.

मोहर्लीकडच्या सीतारामपेठला एआयवाले कॅमेरे बसवलेत, गावाच्या कडेला. वाघ, बिबट्या, अस्वल आलं की ओळखतात आणि सूचना जाते. चांगली गोष्ट आहे, मला ती यंत्रणा आतून बघायची आहे कधीतरी. पण मावशीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "गावाच्या कडेले ना? मोह त जंगलात आहे."

मग मी ते म्हटलं, जे म्हणायला नको होतं. म्हटलं, मावशी, सीझनचे किती मिळतात? मी पाठवते. तू जाऊ नको.

मावशी रागावली नाही. मला वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, "यंदा देशील. पुढच्या साली?" म्हटलं, पुढच्या वर्षीही देईन. "अन्‌ झाड?" मला कळेना. तर त्यांच्या गावात मोहाची झाडं वाटलेली असतात. कागदावर नाही, पण सगळ्यांना माहीत असतं कुठलं झाड कुठल्या घराचं. मावशीची तीन झाडं तिच्या सासूकडून आलेली. दोन वर्षं तिने वेचलं नाही तर दुसरं कुणी वेचेल आणि मग ते झाड त्यांचं. "मी गेलो नाई त दुसरी जाईल," म्हणाली. "वाघ तिले सोडल काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

१० मे २०२५ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तुम्ही ती बातमी कदाचित स्क्रोल करून पुढे गेला असाल. मीही गेले होते. मोह, मग मे महिन्यात तेंदू, दोन्ही कामं वाकून करायची. खाली वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसतो, असं तिकडचे सगळे सांगतात. वनखात्याचे लोक सांगतात उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकट्याने जाऊ नका. बायकांना ते पटतं. पण उजाडेपर्यंत थांबलं तर अर्धी फुलं गेलेली असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपची दुसरी सफारी होती. मी नाही गेले. पैसे परत मिळत नाहीत, कोल्हापूरकर अजून ते काढून दाखवतो. मी मावशीकडेच झोपले आणि पावणेपाचला तिच्याबरोबर निघाले.

आम्ही सहा जणी. पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. आदल्या दिवशी जिप्सीत कुणी शिंकलं तरी सगळे "शूऽऽ". इथे एक जण ताटलीवर काठी आपटत चाललेली, बाकीच्या जोरजोरात बोलतायत. कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या बोअरवेलबद्दल. विषयाला महत्त्व नाही, आवाज बंद पडता कामा नये. मध्येच कुणी हाळी देतं, पलीकडच्या झाडांवरून दुसऱ्या गावच्या बायका उत्तर देतात. दगडी खांबांचा दोर आठवला मला.

वाटेत एका दगडाला शेंदूर लावलेला. वाघोबा. मावशीने चप्पल काढून हात जोडले, मीही जोडले. जंगलात शिरल्यावर मावशी वाघ हा शब्द उच्चारत नाही. 'तो' म्हणते.

झाडाखाली मावशी आता जुन्या साड्या अंथरते. पूर्वी पालापाचोळा जाळायचे, फुलं नीट दिसावीत म्हणून, आणि त्यातूनच वणवे लागायचे. साडीवरची फुलं पटकन गोळा होतात, वाकणं थोडं कमी होतं. थोडंच. कडेची वेचावीच लागतात.

मी टोपली घेऊन बसायला गेले, तर मावशीने दंडाला धरून उभं केलं. "तू बसू नको. तू उभी राह्य."

मग डाव्या बाजूला, नाल्याकडे, चितळ ओरडलं. एकदा.

सगळ्या जणी एकदम गप्प. ताटली थांबली. मी आदल्या दिवशी जिप्सीत विनोद केला होता, चितळ म्यूट. इथे पाच बायका उकिडव्याच्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि एकीनेही ते म्यूट केलं नव्हतं. मी कान देऊन वानराची वाट बघत होते. सांबराची वाट बघत होते. छातीत धडधड इतकी की दुसरं काही ऐकू येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही, घड्याळ होतं हातात पण बघायचं सुचलं नाही. काही आलं नाही. मोहाची फुलं पडत होती, टप, टप.

"चितळ आहे. येकडाव," कुणीतरी म्हणालं. ताटली परत वाजायला लागली. मावशी परत वाकली.

मी नाल्याकडे टक लावून उभी होते, आदल्या दिवशी बांबूकडे लावली होती तशीच. मावशीने मान वर न करता सांगितलं, "तिकडे नोको पाहू. थो तिकडून नाई येत. माह्या पाठीकडे पाह्य."

मग मी ती फुलं वेचेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले.

चला, पंखा लावते आता. पुढचा एपिसोड दोन आठवड्यांनी.